जुन्या मियाटाचं ऑइल गळतंय, मिसिंग आहे, आयडल पडतं: इंजिन बदलायचं का?

प्रश्न थोडक्यात असा की १९९३ ची माझदा एमएक्स-५ (म्हणजेच मियाटा, दोन सीटची उघड्या टपाची छोटी गाडी) आहे, १.६ इंजिन, मॅन्युअल, मीटरवर दीड लाखाच्या वर किलोमीटर आणि आधीच्या मालकाकडे एकही बिल नाही. बेलहाउसिंगखाली (इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणारं कवच) ऑइलचे थेंब पडतात आणि मेकॅनिक म्हणतो रिअर मेन सील, म्हणजे क्रँक या इंजिनाच्या मुख्य दांड्याच्या मागच्या टोकाचं सील गेलं, गिअरबॉक्स उतरवा. चौथ्या-पाचव्या गिअरला कमी आरपीएमवरून पाय दाबला की गाडी झटके मारते, म्हणजे मिसिंग. सिग्नलला थांबताना आयडल (पाय सोडल्यावरचा इंजिनाचा वेग) पडतं, कधी कधी गाडी बंदच होते. सकाळी टिक-टिक आवाज. ट्रॅफिकमधे टेम्परेचरचा काटा वर सरकतो, चालत्या गाडीत उतरतो. आणि परवा क्लच पेडल तळाला जाऊन बसलं ते वरच येईना. एवढं सगळं एकदम झालंय म्हणजे इंजिन संपलं का, दुसरं बघू का?

नका बघू. निदान अजून तरी नाही. ही सहा दुखणी वेगवेगळी वाटतात पण यातली बहुतेक इंजिनाच्या आतली नाहीतच, बाहेरच्या रबराची आहेत. ओ-रिंग, होज, सील, वायरवरचं इन्सुलेशन, सगळं तीस वर्षांचं झालंय. ब्लॉक ओतीव लोखंडाचा आहे, हेड (ब्लॉकच्या वरचा, व्हॉल्व्ह असलेला भाग) ॲल्युमिनियमचं, १६ व्हॉल्व्ह, आणि हे इंजिन मुळात माझदाच्या फॅमिली गाड्यांमधलं, १९८९ साली ही गाडी आली तेव्हा कंपनीने तेच आडवं बसणारं इंजिन फिरवून गाडीच्या लांबीच्या दिशेने यात बसवलं. त्यामुळे ते दणकट आहे, नीट ऑइल पाणी मिळालं तर सहजासहजी मरत नाही. पण ते फिरवून बसवल्यामुळे काही गोष्टी अशा जागी गेल्यात की हात पोचत नाही, म्हणून कोणी बघत नाही, म्हणून त्या गळतात.

आधी ऑइलचं सांगतो कारण तिथेच सगळ्यात जास्त पैसे वाया जातात.

ऑइल खालून दिसतं पण गळतं वरून. बेलहाउसिंगच्या तोंडाशी थेंब दिसला की मेकॅनिकच्या डोक्यात पहिलं नाव रिअर मेन सीलचं येतं, आणि ते बदलायचं तर गिअरबॉक्स उतरवणं आलं. या गाडीत मात्र त्या जागेच्या बरोब्बर वर, हेडच्या मागच्या टोकाला, फायरवॉलकडे (इंजिन आणि केबिनमधला पत्रा) तोंड करून कॅम अँगल सेन्सर बसतो, व्हॉल्व्ह उघडणारा कॅम नावाचा दांडा किती फिरला ते कॉम्प्युटरला सांगणारा. त्याच्या मानेवर एक ओ-रिंग असते. ती कडक झाली की ऑइल हेडच्या पाठीवरून हळूहळू ओघळत खाली येतं आणि बेलहाउसिंगवर जमा होतं. खालून बघणाऱ्याला ते हुबेहूब रिअर मेन सीलसारखंच दिसतं. मी या गाड्या इतक्या वर्षांत ज्या उघडल्या त्यात "रिअर मेन गेलं" म्हणून आलेल्यांपैकी बहुतेकांचं दुखणं वरच निघालं.

खात्री कशी करायची? हेडची मागची बाजू डीग्रीजरने स्वच्छ धुवा, वाळू द्या, मग दोन-तीन दिवस गाडी चालवा आणि टॉर्च आणि छोटा आरसा घेऊन सेन्सरच्या खालची बाजू बघा. किंवा बोट घालून सेन्सरच्या खाली फिरवा, बोटाला ताजं ऑइल लागलं तर उत्तर मिळालं. तिथे कोरडं आहे आणि टॅपेट कव्हरच्या (हेडवरचं झाकण) मागच्या कोपऱ्यातून ओलं आहे तर त्याचं गॅस्केट. दोन्हीकडे कोरडं आणि खाली तरी ओलंच, तेव्हाच रिअर मेनचा विषय काढायचा. आणि थेंब नाकाला लावून बघा, गिअर ऑइलला गंधकासारखा उग्र वास येतो, तो आला तर इंजिनाचा संबंधच नाही, गिअरबॉक्सचं सील बघा.

ओ-रिंग बदलण्याचं काम छोटं आहे पण वैताग आहे. सेन्सर एकाच बोल्टवर बसतो, १२ चा पाना लागतो, आणि तो बोल्ट अशा ठिकाणी आहे की डोळ्यांनी दिसत नाही, बोटांनी शोधावा लागतो. १.६ मधे इग्निशन कॉइलसुद्धा तिथेच मागे आहे, ती ब्रॅकेटसकट सोडवली की हात घालायला जागा होते, तेवढी मेहनत घ्याच. बोल्ट ढिला करायच्या आधी सेन्सरच्या बॉडीवर आणि हेडवर मिळून एक आडवी रेघ मारून ठेवा, पेंट मार्करने किंवा धारदार सुईने, कारण हा सेन्सर फिरवला की इग्निशन टायमिंग बदलतं. बाहेर काढल्यावर जुनी ओ-रिंग बघा, गोल राहिलेली नसते, चपटी चौकोनी झालेली असते आणि वाकवली की काडीसारखी मोडते. नवीन रिंगला थोडं इंजिन ऑइल लावा, सेन्सर घाला, रेघ जुळवा, बोल्ट आवळा. रेघ जुळली तरी टायमिंग लाइट लावून तपासाच, ते कसं ते पुढे येतंय.

हे करताना फायरवॉलजवळच्या हीटर होजेसही चाचपून बघा. वर्षानुवर्षं ऑइल पडून त्या फुगलेल्या आणि मऊ झालेल्या असतात आणि एक दिवस फुटतात. मग सगळं कूलंट बाहेर आणि त्यानंतर मात्र हेड गॅस्केटचा खर्च खरंच येतो. बदलून टाका, विचार करू नका.

टॅपेट कव्हरचं गॅस्केट पण याच बैठकीत करा, कारण ते तुमच्या झटक्यांशी जोडलेलं आहे. प्लग ज्या खोल विहिरीत बसतात त्यांच्या भोवतीचं रबर गेलं की विहिरीत ऑइल भरतं. वायरचं बूट त्या ऑइलमधे बुडून फुगतं आणि स्पार्क प्लगच्या टोकाला न जाता बाजूने हेडला उडी मारतो. चारही वायर ओढून बघा, कुठल्याही बुटाला ऑइल लागलेलं असेल तर गॅस्केट गेलंय. बसवताना एक गोष्ट लोक हमखास विसरतात, कॅमच्या पुढच्या आणि मागच्या कॅपजवळ जिथे सरळ भाग संपून अर्धगोल सुरू होतो त्या कोपऱ्यांवर सिलिकॉन सीलंटचा छोटा ठिपका लागतो. तो नाही टाकला तर नवीन गॅस्केटसुद्धा आठवड्यात ओलं होतं. आणि ते बोल्ट हलक्या हाताने, हेड ॲल्युमिनियमचं आहे, जोर लावला की आटे निघाले म्हणून समजा.

आता मिसिंग. तुमचं लक्षण अगदी पुस्तकी आहे. कमी आरपीएम, वरचा गिअर, पाय पूर्ण दाबलेला. या स्थितीत सिलेंडरमधे हवा जास्त भरते, दाब वाढतो, आणि जास्त दाबात स्पार्क पाडायला जास्त व्होल्टेज लागतं. वायरचं इन्सुलेशन कमजोर असेल तर एवढं व्होल्टेज प्लगपर्यंत पोचायच्या आधीच मधेच कुठेतरी गळतं. आयडलला आणि मोकळ्या रस्त्यावर एकसारख्या स्पीडला गाडी गोड चालते, म्हणून लोक वायरवर संशय घेत नाहीत आणि पेट्रोल पंप, इंजेक्टर, फिल्टर बदलत बसतात. या गाडीला वायर ही ऑइल फिल्टरसारखीच बदलायची वस्तू धरा, फक्त उशिराने.

टेस्ट फुकट आहे. रात्री अंधारात बोनेट उघडा, इंजिन चालू, पाण्याची स्प्रे बॉटल घेऊन वायरवर आणि कॉइलवर अगदी बारीक फवारा मारा. निळ्या ठिणग्या नाचताना दिसल्या किंवा इंजिन लगेच अडखळलं तर वायर गेल्या. हात लांब ठेवा, सैल कपडे नकोत, पुढे पंखा आणि बेल्ट फिरतोय.

त्यापुढचं थोडं डोकं वापरायचं. या इंजिनात कॉइल जोडीने काम करतात, एक कॉइल १ आणि ४ ला, दुसरी २ आणि ३ ला. म्हणजे एकच सिलेंडर मेलं असेल तर वायर, प्लग किंवा इंजेक्टर. पण १ आणि ४ दोन्ही एकदम मेले किंवा २ आणि ३ एकदम, तर कॉइल किंवा तिला सिग्नल देणारा इग्नायटर. कुठलं सिलेंडर आळशी आहे हे बघायला चालू इंजिनात प्लगची वायर ओढू नका, शॉकही बसतो आणि कॉइललाही ते सोसत नाही. त्यापेक्षा एकेका इंजेक्टरचा कनेक्टर काढा, जो काढल्यावर आरपीएम पडत नाही तोच कामचुकार. प्लग साधे तांब्याचेच टाका, एनजीके बीकेआर५ई-११ या इंजिनाला चालतो, गॅप १.१ मिलीमीटर. महागडे प्लग टाकून इथे काही मिळत नाही.

मिसिंग आणि आयडल दोन्हीला कारणीभूत ठरणारी एक जागा अजून आहे. १.६ मधे हवा मोजायला झडपवालं एअरफ्लो मीटर आहे, आत एक पत्र्याची झडप, हवा ओढली गेली की ती उघडते आणि कॉम्प्युटरला कळतं किती हवा आली (१९९४ पासूनच्या १.८ मधे हॉट वायरवालं मीटर आलं). या मीटरच्या पुढे, म्हणजे मीटर आणि थ्रॉटल बॉडीच्या मधे, कुठूनही हवा आत शिरली तर ती मोजलीच जात नाही आणि मिश्रण पातळ होतं. आणि नेमका तिथेच तो मोठा रबरी पाइप आहे ज्याला घड्या आहेत. वरून छान दिसतो. तो काढून उजेडात धरा आणि घड्या दोन्ही हातांनी ताणून बघा, भेगा घडीच्या तळाशी असतात. शिवाय टॅपेट कव्हरला जोडलेल्या बारक्या नळ्या आणि पीसीव्ही व्हॉल्व्हचं (क्रँककेसमधल्या वाफा इंजिनात परत सोडणारा) रबर. इतकंच काय, ऑइलची डिपस्टिक नीट बसली नसेल किंवा ऑइल भरायचं झाकण सैल असेल तरी या गाडीचं आयडल बिघडतं, कारण क्रँककेसमधून तीच न मोजलेली हवा जाते. चालू इंजिनात झाकण उघडून बघा, आयडल पडलं पाहिजे. काहीच फरक पडला नाही तर दुसरीकडून आधीच हवा शिरतेय.

या मीटरची अजून एक गंमत, याच्या आत पेट्रोल पंपाचा स्विच आहे. झडप हलली की पंप चालू. गाडी स्टार्टरवर लागते आणि चावी सोडली की लगेच मरते, अशी तक्रार कधी आली तर पंप बदलण्याआधी हा स्विच बघा. बोनेटखाली डायग्नोसिस लिहिलेली छोटी प्लास्टिकची डबी आहे, तिच्या झाकणाच्या आत टर्मिनलची नावं छापलेली असतात. त्यात एफपी आणि ग्राउंड एका वायरच्या तुकड्याने जोडा, चावी ऑन करा, पंप सतत चालेल. अशाने गाडी चालू राहिली तर पंप ठीक, मीटरचा स्विच गेलाय.

सिग्नलला आयडल पडतं त्याची संशयितांची यादी मी याच क्रमाने बघतो: आधी वर सांगितलेली चोरटी हवा, मग कूलंटची लेव्हल, मग थ्रॉटलचा स्विच, मग आयडल व्हॉल्व्ह. कूलंट ऐकून नवल वाटेल पण थ्रॉटल बॉडीच्या खाली जो आयडलचा व्हॉल्व्ह आहे त्यातून कूलंट फिरतं, आत एक भाग त्या उष्णतेवर उघडझाप करतो, कूलंट कमी झालं आणि तिथे हवेचा बुडबुडा अडकला की इंजिन गरम असूनही व्हॉल्व्हला वाटतं थंड आहे आणि आयडल वरखाली झोके खातं. तुमचा काटाही वर जातोय म्हणजे कूलंट कमी असण्याची शक्यता आहेच, तर एका दगडात दोन पक्षी. थ्रॉटलचा स्विच म्हणजे १.६ मॅन्युअलमधे पाय पूर्ण सोडलाय आणि पूर्ण दाबलाय एवढं दोनच सांगणारा साधा स्विच असतो, तो सरकला की पाय सोडल्यावर कॉम्प्युटरला कळतच नाही की आता आयडल सांभाळायचंय, आणि गाडी थांबता थांबता मरते. मल्टीमीटरने दोन मिनिटांत तपासता येतो. शेवटी आयडल व्हॉल्व्ह काढून क्लीनर मारून साफ करायचा, आतून काळी काजळी निघते.

एवढं झाल्यावरच आयडल आणि टायमिंग सेट करायचं, आधी नाही. लोक उलट करतात, हवा गळत असताना स्क्रू फिरवून आयडल वर आणतात आणि मग गळती काढली की आयडल पंधराशेवर. इंजिन पूर्ण गरम, एसी, लाइट, पंखा सगळं बंद. डायग्नोसिस डबीत टेन (टीईएन छापलेलं टर्मिनल) आणि ग्राउंड जोडा, म्हणजे कॉम्प्युटर मधे लुडबुड करत नाही. थ्रॉटल बॉडीवर बुचाखाली स्क्रू आहे, तो फिरवून आयडल ८५० आरपीएम, पन्नास इकडे तिकडे चालेल. मग टायमिंग लाइटचा क्लॅम्प एक नंबरच्या वायरला, एक नंबर म्हणजे सगळ्यात पुढचा, आणि पुलीवरची खूण १० अंशावर आली पाहिजे. नसेल तर मागचा तो सेन्सर थोडा थोडा फिरवायचा. बरेच हौशी लोक १४ अंशावर ठेवतात, खालच्या आरपीएमला पिकअप थोडा सुधारतो हे खरं आहे, पण त्याला चांगल्या ऑक्टेनचं पेट्रोल लागतं आणि चढावर नॉकिंगचा आवाज येतोय का ते कान देऊन ऐकावं लागतं. तुमची गाडी ठीकठाक होईपर्यंत १० वरच राहू द्या.

त्याच डबीतून फॉल्ट कोडही वाचता येतात. टेन-ग्राउंड जोडून चावी ऑन केली की चेक इंजिनचा दिवा लुकलुकतो (काही देशांच्या गाड्यांत हा दिवाच नाही, तिथे त्याच डबीत छोटा एलईडी लावावा लागतो). ०८ म्हणजे एअरफ्लो मीटर, ०९ कूलंटचा सेन्सर, १५ किंवा १७ आला तर ऑक्सिजन सेन्सर. कोड नाही आला म्हणजे सगळं आलबेल असं मात्र समजू नका, फाटका पाइप आणि खराब वायर यांचे कोड या पिढीच्या कॉम्प्युटरला येतच नाहीत.

काट्याबद्दल तुम्ही एक कामाची गोष्ट लिहिलीत, ट्रॅफिकमधे चढतो आणि चालत्या गाडीत उतरतो. म्हणजे हवा मिळाली की रेडिएटर काम करतोय, पंखा बघा. डबीत टीएफए आणि ग्राउंड जोडून चावी ऑन करा. पंखा फिरला तर मोटर आणि रिले चांगले, पुढचा संशय थर्मोस्टॅटच्या घराजवळच्या पंख्याच्या स्विचवर किंवा पुन्हा कमी कूलंटवर, कारण स्विच हवेत उघडा पडला तर त्याला तापमान कळत नाही. उलट प्रकार असता, म्हणजे ट्रॅफिकमधे ठीक आणि हायवेला गरम, तर मी आधी गाडीखाली वाकून बघितलं असतं की पुढचा प्लास्टिकचा अंडरट्रे जागेवर आहे का. ऑइल बदलताना तो काढतात आणि परत लावायचा कंटाळा करतात, आणि तो नसला की समोरून आलेली हवा रेडिएटरमधून न जाता खालून निसटते. हा ट्रे शोभेला नाहीये.

रेडिएटरच्या वरच्या प्लास्टिकच्या टाकीचा रंगही बघा. नवीन असताना काळी असते, म्हातारी झाली की तपकिरी-हिरवट होते. तसा रंग दिसला की ती फुटण्याची वाट बघायची नाही. कूलंट भरताना गाडीचं नाक चढावर ठेवा, हीटर फुल गरम, झाकण उघडं ठेवून इंजिन चालू, थर्मोस्टॅट उघडून बुडबुडे यायचे थांबेपर्यंत. गाडी थंड असतानाच झाकण उघडायचं हे सांगायला नको.

जाता जाता, तुम्ही कुठेतरी वाचलं असेल की या इंजिनाचं कूलंट मागून फिरवून घ्यावं लागतं. त्याला आधार आहे, आडव्या इंजिनाचं डिझाइन असल्यामुळे पाणी आत येतं पुढून आणि थर्मोस्टॅटपण पुढेच, त्यामुळे मागचं चार नंबरचं सिलेंडर जास्त गरम राहतं. पण हा उद्योग टर्बो लावणाऱ्यांचा आणि ट्रॅकवर पळवणाऱ्यांचा आहे. रस्त्यावरच्या स्टॉक गाडीला गरज नाही.

टिक-टिक आवाजाने घाबरू नका. या पिढीत हायड्रॉलिक लिफ्टर (ऑइलच्या दाबाने व्हॉल्व्हची फट भरून काढणारे) आहेत, गाडी उभी राहिली की त्यातलं ऑइल उतरतं, स्टार्ट केल्यावर परत भरेपर्यंत टकटक करतात. काही मिनिटांत गेला तर सोडून द्या. गरम झाल्यावरही राहत असेल तर चांगलं ऑइल आणि चांगला फिल्टर, आणि गाडी गरम झाल्यावर जरा आरपीएम वर नेऊन चालवा, नुसती भाजी आणायला नेऊन लिफ्टर साफ होत नाहीत. आवाज जर हेडमधून न येता खालून येत असेल, जड ठोक्यासारखा, आणि पाय दाबल्यावर वाढत असेल तर तो वेगळा विषय, तेव्हा गाडी चालवू नका. तुमच्या १९९३ च्या गाडीत ऑइल प्रेशरचा खरा काटा आहे, १९९५ पासून नुसता दाखवायला ठेवला. पण खरा असला तरी त्याचा सेंडर बऱ्याचदा खोटं बोलतो, म्हणून प्रेशर कमी दिसलं तर मेकॅनिकल गेज लावून मोजल्याशिवाय इंजिन उघडू नका.

क्लचचं उत्तर सोपं आहे. गिअरबॉक्सच्या बाजूला बाहेरून दोन बोल्टवर स्लेव्ह सिलेंडर आहे, पेडलकडच्या मास्टर सिलेंडरने ढकललेल्या फ्लुइडवर क्लच दाबणारा. त्याच्या टोकाचं रबरी टोपण बोटाने सोलून मागे करा. आतून काळपट फ्लुइड निघालं तर झालं निदान. क्लच प्लेट ठीक असूनही पेडल तळाला जातं ते यामुळेच, आणि यासाठी गिअरबॉक्स उतरवावा लागत नाही. मास्टर सिलेंडर आणि मधली रबरी होजही सोबत बदला. फक्त स्लेव्ह नवीन टाकला की थोड्याच दिवसांत जुना मास्टर जातो हे इतक्यांदा बघितलंय की आता मी एकटा स्लेव्ह टाकतच नाही. हवा नीट काढा. थंडीत दुसरा गिअर कडक पडतो तो मात्र या गिअरबॉक्सचा स्वभावच आहे, जीएल-४ ग्रेडचं ७५डब्ल्यू-९० ऑइल घाला आणि गिअर लिव्हरखालची दोन्ही रबरं फाटलीत का बघा.

टायमिंग बेल्टचं (क्रँकवरून कॅम फिरवणारा पट्टा) बिल नाही म्हणजे बेल्ट बदललेला नाही असंच धरायचं. साधारण एक लाख किलोमीटरला बदलायचा असतो. हे १.६ इंजिन नॉन-इंटरफिअरन्स आहे, बेल्ट तुटला तर गाडी जागेवर बंद पडते पण व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटत नाहीत, हे समाधान. बेल्टसोबत टेन्शनर, आयडलर, दोन्ही कॅमची सीलं, क्रँकचं पुढचं सील आणि वॉटर पंप, सगळं एकदम करा, कारण परत तिथवर पोचायला तेवढीच मेहनत. बसवल्यावर दोन कॅम पुलींवरच्या आय आणि ई खुणांमधे बेल्टचे १९ दाते मोजा, मग हाताने इंजिन दोन पूर्ण फेरे फिरवून परत मोजा. एका दात्याने चुकलेली गाडीही चालते, फक्त तिच्यात दम नसतो आणि मालक वर्षभर इंजेक्टर साफ करत बसतो.

आणि इथेच एक खरा इंजिनाचा धोका आहे. सुरुवातीच्या गाड्यांत, साधारण १९९१ च्या मध्यापर्यंत, क्रँकचं पुढचं टोक आखूड होतं. बेल्टच्या कामात तो पुलीचा मोठा बोल्ट नीट आवळला गेला नाही तर पुली पकडून ठेवणाऱ्या क्रँकवरच्या चावीची (लोखंडी पट्टीची) खाच हळूहळू झिजते, पुली डुगडुगते, टायमिंग हलतं आणि क्रँकच निकामी होतो. तुमची १९९३ ची आहे म्हणजे लांब टोकाचा क्रँक असायला हवा, पण कागदपत्रं नाहीत, इंजिन कधी बदललंय का माहीत नाही, म्हणून पुलीच्या मधल्या भागाच्या खाचा मोजा: चार असतील तर आखूड, आठ असतील तर लांब. गाडी चालू असताना पुली बाजूने बघा, डगमगतेय का. लांब टोकाला बोल्टचा टॉर्क १५७ ते १६६ न्यूटन मीटर, टॉर्क पाना नसेल तर हे काम करूच नका.

इंजिन बदलायचं की नाही ते कॉम्प्रेशन टेस्टवर, म्हणजे प्रत्येक सिलेंडरमधला दाब मोजून ठरतं, अंदाजावर नाही. इंजिन गरम, चारही प्लग बाहेर, पाय पूर्ण दाबलेला, बॅटरी फुल चार्ज. नव्यासारख्या १.६ ला १९० पीएसआयच्या आसपास येतं, १३५ च्या खाली गेलं तर आजारी. आकड्यांपेक्षा चारही एकमेकांच्या जवळ आहेत का ते महत्त्वाचं. चारही १६५ असतील तर आणखी कित्येक वर्षं चालवा. एकच खाली असेल तर त्या सिलेंडरमधे चमचाभर ऑइल टाकून परत मोजा, वाढलं तर पिस्टनची रिंग, नाही वाढलं तर व्हॉल्व्ह.

एका वेळी एकच गोष्ट बदला आणि गाडी चालवून बघा. आठ पार्ट एकदम टाकले आणि गाडी सुधारली तर कशाने सुधारली ते कळत नाही, आणि बिघडली तर मग विचारूच नका.

बाकी चिल्लर. मागच्या ब्रेकच्या कॅलिपरच्या पिना गंजून अडकतात आणि हँडब्रेक धरत नाही, केबल आवळण्याआधी कॅलिपरच्या मागचा बोल्ट काढून आतला ॲलन ४ मिलीमीटरच्या चावीने पॅड डिस्कला टेकेपर्यंत फिरवा आणि एक तृतीयांश फेरा मागे घ्या. टपाचं पाणी जाणाऱ्या नळ्या सीटच्या मागे आहेत, त्या तुंबल्या की दरवाज्याखालच्या पोकळीत पाणी साठून आतून गंज लागतो, मऊ नळी घालून साफ करा, तारेने खुपसलंत तर खालचा रबरी व्हॉल्व्ह निसटतो. बॅटरी डिकीत आहे, तिथे बाहेर वायू सोडणाऱ्या नळीची सीलबंद बॅटरीच लागते. साधी बॅटरी ठेवली असेल कोणी तर आजच काढा, तिच्या वाफेने डिकीचा पत्रा खाल्ला जातो.